नवीन एसयूव्हीचा ब्रेक पोचट लागत होता: वर्कशॉपच्या तीन चकरा आणि एक फूटपट्टी

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी स्टार सांगून टाकते. गाडीला चार. वर्कशॉपला पहिल्या वेळी एक, दुसऱ्या वेळी दोन, तिसऱ्या वेळी पूर्ण पाच. आता का ते सांगते, आणि जरा लांबण लागणार आहे कारण ब्रेकचा विषय आहे आणि मला हे दोन ओळीत उरकायचं नाहीये.

गाडीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, काम शेवटी झालंय, आणि दुसरं म्हणजे हे कुठल्याही कंपनीच्या नव्या गाडीत होऊ शकतं. पेट्रोल टर्बो, ऑटोमॅटिक, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एवढं पुरे.

मी वाईला राहते, शाळा पाचगणीत. म्हणजे रोज सकाळी पसरणी घाट चढायचा आणि दुपारी तोच उतरायचा. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर आणि पाचगणी १३०० च्या आसपास, बारा-तेरा किलोमीटरात सहाशे मीटर खाली येतो आपण. पावसाळ्यात धुकं असलं की पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे एवढंच दिसतं, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या, कठड्यावर माकडं, आणि वळणावळणावर समोरून एसटी. आधीची माझी हॅचबॅक अकरा वर्षं याच रस्त्यावर चालवली. सांगायचा मुद्दा असा की ब्रेकवर पाय ठेवला की किती दाबल्यावर गाडी धरते हे माझ्या पायाला पाठ आहे, त्याला विचार करावा लागत नाही.

डिलिव्हरी घेतली, पेढे वाटले, गणपतीला नेऊन आणली, सगळं छान. दुसऱ्याच दिवशी घाट उतरताना वाटलं की पेडल खाली जातंय आणि मग पकडतंय. म्हणजे ब्रेक लागत नव्हता असं नाही, लागत होता, पण आधी काहीच नाही, काहीच नाही आणि मग एकदम. दाबताना पायाखाली ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. लगेच सोडून परत दाबलं की मात्र वरच्या वर कडक. मी म्हटलं नवीन गाडी आहे, जड आहे, सवय होईल, पण आठवडाभर चालवून सवय झाली नाही, उलट मी नकळत प्रत्येक वळणाआधी दोनदा ब्रेक मारायला लागले, एकदा उगाच आणि एकदा खरा. हे मला माझ्या मुलीने दाखवून दिलं, म्हणाली आई तू दोन दोनदा का मारतेस, मला मळमळतं.

आणि मग एका दुपारी समोरून एसटी आली. वळण आतल्या बाजूचं होतं, ड्रायव्हरने बिचाऱ्याने हॉर्न दिलेला, मी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं, परत दाबला तेव्हा गाडी थांबली. काही झालं नाही. दोघांमध्ये अंतरही होतं चांगलं. पण घरी येऊन गाडी लावली आणि पाच मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले. त्या दिवशी ठरवलं की हे सवयीचं प्रकरण नाहीये.

पहिली चकर, ४२० किलोमीटर

फोन करून वेळ घेतली आणि गेले. सर्व्हिस ॲडव्हायझर बोलायला गोड, पाणी विचारलं, चहा विचारला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, नवीन गाडीचे पॅड बसायला वेळ लागतो, हजार किलोमीटर होऊ द्या." मग वर्कशॉपच्या आवारातच गाडी एक चक्कर मारून आणली, ताशी वीसच्या वेगाने फार तर, आणि "ओके आहे" म्हणून चावी हातात दिली. वर एक वाक्य जोडलं जे मला अजून टोचतं, "तुम्ही लहान गाडीवरून मोठ्या गाडीवर आलात ना, म्हणून तसं वाटतं."

बघा, पॅड बसायला वेळ लागतो हे खोटं नाही. नव्या पॅडचा आणि डिस्कचा पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण चिकटून बसेपर्यंत सुरुवातीचे दोनतीनशे किलोमीटर ब्रेक जरा कमी चावतो, मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं की या काळात गरज नसताना कचकचून ब्रेक मारू नका. पण तेव्हा काय होतं, तर पेडल कडकच असतं, फक्त गाडी थांबवायला जोर जास्त लागतो. पेडल खाली जाणं आणि स्पंजसारखं लागणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याचा पॅड बसण्याशी संबंध नाही. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, म्हणून मी गप्प परत आले. जॉब कार्ड घरी येऊन वाचलं तर त्यावर "जनरल चेकअप" एवढंच. ब्रेक हा शब्दच नाही! ही माझी पहिली चूक, सही करण्याआधी वाचायला हवं होतं.

अण्णांनी काय केलं

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं घाटात गाडी चालवली त्यांनी. आता गुडघ्यांमुळे चालवत नाहीत पण त्यांना सांगितल्यावर काठी घेऊन खाली आले, ड्रायव्हर सीटवर बसले, आणि गाडी सुरू न करताच पेडल दाबून बघायला लागले. डोळे मिटून. चार वेळा, पाच वेळा. मग पायाने नाही तर खाली वाकून हाताने दाबून बघितलं, तळहात पेडलवर ठेवून हळूहळू, जसं आई कणीक मळून झाली की बोटाने दाबून बघते तसं. आणि म्हणाले, "अगं, यात हवा धरलीये."

मग त्यांनी मला तीन गोष्टी करून दाखवल्या, त्या इथे लिहिते कारण कुणालाही घरच्या घरी करता येतात, गाडी सपाट जागेवर उभी, पार्किंग ब्रेक लावलेला.

पहिली म्हणजे इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा ब्रेक दाबायचा. बूस्टरमधला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला, व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं कडक व्हायला पाहिजे. मग पाय दाबून ठेवून गाडी स्टार्ट करायची, पेडल थोडंसं खाली बसलं की बूस्टर चांगला आहे. आमचं बसलं, पण त्याआधी जे कडक व्हायला हवं होतं ते काही झालं नाही, शेवटपर्यंत खालून कुणीतरी स्प्रिंग लावल्यासारखं लागत होतं. दुसरी, इंजिन चालू ठेवून ब्रेक एकसारखा दाबून धरायचा अर्धा-एक मिनिट. पेडल हळूहळू खाली खाली जात राहिलं तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलतो त्या भागाचं) आतलं सील गेलंय, आणि अशी गाडी चालवत न्यायची नाही, टोइंग बोलवायचं. आमचं एका जागी थांबून राहिलं. तिसरी, भराभर दोन-तीन वेळा पंप मारायचा. पंप मारल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल तर बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा असते, जुन्या ड्रमवाल्या गाडीत लायनर ढिले असले तरी असं होतं, पण आमच्या गाडीला ड्रमच नाहीत.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचा डबा बघितला, लेव्हल मॅक्सला, ऑइल स्वच्छ. चाकांच्या आतून बॅटरी मारून बघितली, ओल कुठेच नाही.

हवेचं असं का होतं ते अण्णांनी फार सोपं सांगितलं. ब्रेक ऑइल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाने दिलेला जोर जसाच्या तसा चाकापर्यंत जातो. हवा आकसते. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असला की आपला पाय आधी तो बुडबुडा दाबण्यात खाली जातो आणि मगच चाकाला जोर मिळतो. आणि मग म्हणाले, आमच्या एसटीत उलटं, तिथे ब्रेकच हवेवर, टाकीत प्रेशर चढल्याशिवाय आम्ही डेपोतून गाडी हलवायचो नाही, काटा बघूनच निघायचो. तीच हवा तिथे जीव वाचवते आणि तुझ्या गाडीत नको तिथे बसलीये. मी शाळेत विज्ञान शिकवते, पास्कलचा नियम दरवर्षी फळ्यावर काढते, पण तो असा तळहाताखाली मला पहिल्यांदा कळला.

घाटात ब्रेक गरम होऊन तर असं होत नसेल, असंही मनात आलं होतं. ते दुसरं कारण असतं हे खरं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं. डॉट ४ या प्रतीचं नवंकोरं ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही असं मानक आहे, पण पाणी धरलं की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येतो. लांब उतारावर न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली की ऑइलची वाफ होते, वाफही हवेसारखीच आकसते, आणि पेडल सपाट खाली. घाटात "ब्रेक फेल" म्हणतात त्याचं हेही एक कारण असतं. पण आमचं ऑइल नवीन होतं आणि सकाळी थंड गाडीतही पेडल तसंच होतं, त्यामुळे ते कारण बाद.

फूटपट्टी

"मला मऊ वाटतं" असं म्हटलं की समोरचा "तुम्हाला वाटतं" असं म्हणतो. म्हणून मोजायचं ठरवलं. शाळेतली लाकडी फूटपट्टी आणली, तीस सेंटिमीटरची. इंजिन चालू, गाडी उभी, फूटपट्टीचं एक टोक मॅटवर आणि दुसरं पेडलच्या बाजूला. मुलीने मोबाइलवर व्हिडिओ घेतला. पहिल्यांदा दाबलं तर कडक लागेपर्यंत सात सेंटिमीटर खाली. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर चार. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, सकाळी थंड असताना आणि घाट उतरून आल्यावर, आकडा तोच, अर्धा सेंटिमीटर इकडे तिकडे. वहीत तारीख, किलोमीटर आणि आकडा लिहून ठेवला.

दुसरी चकर, हजार किलोमीटर

पहिली फ्री सर्व्हिस होती. या वेळी मी जॉब कार्डवर आधी लिहून घेतलं. माझे शब्द माझ्यासमोर टाइप करायला लावले: ब्रेक पेडल पहिल्या वेळी सात सेंटिमीटर खाली जातं, पंप मारल्यावर चार, स्पंजी लागतं. ॲडव्हायझर म्हणाला मॅडम एवढं लिहायची गरज नसते, मी म्हटलं असू दे, लिहा. आणि डिलिव्हरीच्या आधीच्या तपासणीचा कागद दाखवा म्हटलं. त्यावर "ब्रेक पेडल" च्या रकान्यात टिकमार्क होता, बाकीच्या सगळ्या रकान्यांसारखाच, एका दमात मारलेला.

त्यांनी ब्रेकची हवा काढली, हे मान्य करते. एक जण आत बसून पंप मारत होता आणि दुसरा चाकापाशी ब्लीडर निपल (हवा काढायची छोटी तोटी) उघडून बाटलीत नळी सोडून बसलेला, जुनी पद्धत. काचेतून मी बघत होते. नळीत मागच्या डाव्या चाकाला दोन-तीन बुडबुडे आलेले मला स्वतःला दिसले. म्हणजे हवा होती! महिनाभर जे मला "वाटत" होतं ते नळीतून बाहेर येत होतं. पण जॉब कार्ड बंद करताना काय लिहिलं असेल, तर "ब्रेक चेक केले, नॉर्मल". आणि बिलात ब्रेक ऑइलची बाटली लावली, का तर कन्झ्युमेबल वॉरंटीत येत नाही म्हणे. नवीन गाडीतला दोष काढायला लागलेलं ऑइल मी का भरू? काउंटरवर अर्धा तास उभी राहिले, आवाज चढवला नाही, एवढंच म्हटलं की हे पैसे कशाचे ते लिहून द्या आणि बुडबुडे आले होते तेही लिहा. शेवटी बाटली बिलातून काढली, बुडबुडे मात्र नाही लिहिले.

पेडल साडेचारवर आलं होतं. मी खूश होऊन घरी गेले. चार दिवस छान चालली.

पाचव्या दिवशी पाऊस झाला होता, वळणावर खडी वाहून आलेली, त्यावर ब्रेक मारला आणि पायाखाली खरखर झाली, एबीएस लागलं, म्हणजे चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ब्रेक आपोआप सोडून-धरणारी यंत्रणा. गाडी नीट थांबली. पण त्यानंतरचा ब्रेक पुन्हा खाली गेला. घरी येऊन फूटपट्टी लावली, साडेसहा. मी ही गोष्ट तारखेसकट लिहून ठेवली आणि पुढे तीच सगळ्यात कामाला आली.

फोन केला तर वर्कशॉप मॅनेजर म्हणाले, "मॅडम, या मॉडेलचं ते कॅरेक्टरिस्टिक आहे, सगळ्याच गाड्यांचं असंच आहे." मी म्हटलं बरं, मग मला ते लेटरहेडवर लिहून द्या की या मॉडेलचं पेडल साडेसहा सेंटिमीटर खाली जाणं हे बरोबर आहे. त्यावर ते गप्प. लिहून दिलं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक गाडीचं पेडल वेगळं असतंच. काही गाड्यांचा ब्रेक वरच पकडतो, काहींचा जरा खाली, आणि आधीच्या गाडीची सवय असली की नवीन गाडी मऊ वाटू शकते, त्यात दोष असेलच असं नाही. म्हणून आपल्या जुन्या गाडीशी तुलना करून उपयोग नाही. तुलना करायची ती त्याच मॉडेलच्या, त्याच व्हेरिएंटच्या दुसऱ्या गाडीशी. हे मला रात्री झोपताना सुचलं आणि सकाळी शाळेत सुट्टी टाकून मी सरळ शोरूमला गेले. टेस्ट ड्राइव्हची गाडी होतीच, माझंच मॉडेल, माझंच इंजिन. सेल्सच्या मुलीला म्हटलं मला फक्त दोन मिनिटं बसायचंय. फूटपट्टी लावली. पावणेचार. दुसऱ्यांदा दाबलं, साडेतीन. बाहेर स्टॉकमध्ये अजून एक उभी होती, तिच्यातही पावणेचार. सेल्सच्या मुलीला बोलवून तिला आधी त्या गाडीचं पेडल दाबायला लावलं आणि मग माझ्या गाडीचं. तिने एकदाच दाबलं आणि माझ्याकडे बघितलं, "अय्या मॅडम, हे किती खाली जातंय." मॅनेजरसाहेब तिथेच उभे होते.

तिसरी चकर

त्याच रात्री कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला. रागाचा एक शब्द नाही. चॅसी नंबर, दोन्ही जॉब कार्डचे नंबर, वहीतला तक्ता, माझ्या आणि शोरूमच्या गाडीचे व्हिडिओ, आणि एबीएस लागल्यानंतर परत मऊ झालं त्याची तारीख. शेवटी एकच ओळ, की मी रोज घाट उतरते, गाडीत माझी मुलगी असते, तेव्हा ही गाडी दुरुस्त होईपर्यंत मी चालवणार नाही, मला दुसरी गाडी द्या. दोन दिवसांत फोन आला, गाडी न्यायला टोइंग आलं आणि मला वापरायला दुसरी गाडीही दिली.

या वेळी कंपनीकडून एक टेक्निशियन आला होता, वयाने लहान, पंचविशीचा असेल. बाकीच्यांनी मला तीनदा जे विचारलं नव्हतं ते त्याने पहिल्यांदा विचारलं, "ताई, एबीएस लागल्यानंतर खाली गेलं ना?" मी वही पुढे केली. तो म्हणाला मग हवा एबीएसच्या युनिटमध्ये आहे.

त्याने समजावलं ते असं. बॉनेटखाली एबीएसचा एक ठोकळा असतो, त्यात बारीक बारीक व्हॉल्व्ह आणि एक पंप. आपण साधा ब्रेक मारतो तेव्हा त्यातले काही व्हॉल्व्ह बंदच असतात, ऑइल त्या कप्प्यातून फिरतच नाही. त्यामुळे बाहेरून नुसता पंप मारून हवा काढली तर लाइनमधली निघते, ठोकळ्यातली आत तशीच बसून राहते. मग कधीतरी एबीएस लागतं, व्हॉल्व्ह उघडतात, आणि ती हवा लाइनमध्ये येते. म्हणून चार दिवस छान आणि पाचव्या दिवशी परत तेच. यासाठी लॅपटॉप किंवा स्कॅनर जोडून ते व्हॉल्व्ह आणि पंप मुद्दाम चालवायचे आणि त्याच वेळी हवा काढायची. २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे आज रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत हा ठोकळा आहे, आणि तरीही जुन्याच पद्धतीने हवा काढून गाडी परत देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

मला त्याने जवळ उभं राहू दिलं. गाडी लिफ्टवर, लॅपटॉपची वायर डॅशबोर्डच्या खाली जोडलेली. त्याने बटण दाबलं की बॉनेटमधून घर्र घर्र आवाज यायचा, पायाखाली यायची तीच खरखर. आधी नळीतून स्वच्छ ऑइल, मग एकदम बारीक पांढरट फेस, सोड्याची बाटली उघडल्यावर येतो तसा, मग परत स्वच्छ. कंपनीच्या मॅन्युअलमधल्या क्रमाने चारही चाकं केली, मागच्या डाव्याला सगळ्यात जास्त फेस आला. प्रत्येक वेळी डब्यातली लेव्हल बघत होता, मध्येच डबा रिकामा झाला तर परत हवा ओढली जाते म्हणाला. ऑइल नवीन सील फोडून वापरलं, अर्धवट उरलेली बाटली नाही, कारण उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते. दीड तास गेला. मग मला घेऊनच रस्त्यावर गेला, मागे कुणी नाही बघून मुद्दाम तीनदा कचकचून ब्रेक मारून एबीएस लावलं आणि परत येऊन म्हणाला, "ताई, लावा तुमची फूटपट्टी."

पावणेचार. दुसऱ्यांदा दाबलं, साडेतीन.

जॉब कार्डवर त्याने स्वतः लिहिलं की एबीएस युनिटमध्ये हवा आढळली, स्कॅनरने ब्लीडिंग केलं (म्हणजे हवा काढली), आधीचं आणि नंतरचं माप अमुक. पैसे शून्य. पाच स्टार त्याच्यासाठी आहेत, आणि ज्यांनी माझा मेल वाचून त्याला पाठवलं त्यांच्यासाठी.

आता ६,२०० किलोमीटर झालेत, अख्खा पावसाळा घाटात गेला, एबीएसही दोनदा लागलं, आकडा हललेला नाही.

तुमच्या गाडीत असं असेल तर

जॉब कार्डवर तुमचे शब्द लिहून घ्या आणि वाचूनच सही करा. वर्कशॉपला एकच प्रश्न विचारा, ब्लीडिंग स्कॅनर लावून करणार का? टेस्ट ड्राइव्ह फक्त त्यांच्या आवारात मान्य करू नका, शेजारी बसून रस्त्यावर चला. ऑइल कुठलं ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ की डॉट ४, तेच घालायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळत नाही, नुसता मोठा आकडा बघून घालू नका. आणि गाडी नवी असो की जुनी, बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात, ते टाळू नका.

चालवताना पेडल खाली गेलंच तर घाबरून पाय काढू नका. भराभर पंप मारा, हवा असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पकडतं. आजकालच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, एक गेली तरी दुसरी राहते, पेडल खूप खाली जाईल आणि जोर लागेल पण काहीतरी ब्रेक असतो. सोबत गिअर खाली आणा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाकून एकेक खाली. हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नाही. बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत ते बटण ओढून धरलं की गाडी सावरत थांबते, तुमच्या मॅन्युअलमध्ये कसं आहे ते आजच वाचून ठेवा. आणि घाट उतरताना अण्णांचा नियम, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

वर्कशॉप ऐकतच नसेल तर कंपनीला लेखी कळवा. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच आयोगाकडे तक्रार करता येते, गाडी घेतली त्या शहरात खेटे घालायची गरज नाही. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण वही आणि व्हिडिओ तयार होते.

गाडीबद्दल थोडक्यात. बसायची उंची छान, घाटात वळणापलीकडचं लवकर दिसतं, हेडलाइट धुक्यातही बरे, एसी उत्तम, अण्णांना चढायला फूटस्टेप लावून घ्यावं लागलं. घाटात लिटरला अकरा, हायवेला पंधरापर्यंत. एक स्टार कापला तो पहिल्या महिन्यासाठी, त्या महिन्यात रोज दुपारी घाटाच्या तोंडाशी आल्यावर माझ्या हातांना घाम यायचा.

तिसऱ्या चकरेनंतर आठवड्याने पहिल्या ॲडव्हायझरचा फोन आला, मॅडम कंपनीतून फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या. त्याला मी सांगितलं की टेक्निशियनला दहा देईन आणि पहिल्या दोन वेळचं काय झालं तेही सांगेन, आणि आधीच्या जॉब कार्डवरचं "नॉर्मल" दुरुस्त करून द्या. दोन फोन केल्यावर तेही करून मिळालं. पुढची सर्व्हिस दहा हजारला आहे, त्याआधी परत फूटपट्टी लावेन आणि आकडा बदलला असेल तर इथेच लिहीन.